गाडीखालची सेवा

सुरुवातीलाच माफी मागते. माझे शिक्षण चौथीपर्यंतच झाले, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकते आणि अक्षरही चांगले नाही. जोडाक्षर आले की हात थांबतो. मुलीच्या वहीची मागची कोरी पाने उरली होती, त्यांवर लिहिते आहे. कोणी वाचावे म्हणून लिहीत नाही. पण चुकून कोणाच्या हाती पडलेच तर अक्षराला हसावे, गोष्टीला हसू नये. गोष्टीला हसणारे मला तेव्हाच पुष्कळ भेटले.

आमच्या गावच्या वेशीवर देवीचे देऊळ आहे. तिला आम्ही आईच म्हणतो. मंगळवारी तिथे बायका जमतात आणि भजन झाल्यावर एखादी उठून आपला अनुभव सांगते. कोणाचा ताप उतरला, कोणाचे हरवलेले माणूस घरी आले. मला चार माणसांत उभे राहून बोलता येत नाही. शिवाय माझ्या अनुभवात आई नेमकी कुठे होती हे मलाही नीट सांगता येत नाही. म्हणून मी तिथे कधी उठले नाही. जे घडले ते जसेच्या तसे इथे लिहून ठेवते.

आमचे हे मिठाच्या गाडीवर ड्रायव्हर. आधी दुसऱ्याची गाडी चालवायचे. एके दिवशी गोण्यांच्या थप्पीवरून पडले आणि डावा खांदा मोडला. आत सळी घातली, पण हात छातीच्या वर जात नाही आणि त्यात जोर उरला नाही. मालकाने दुसरा ड्रायव्हर ठेवला. भरलेला ट्रक वळवायला दोन्ही खांद्यांत ताकद लागते. दीड वर्ष हे घरी बसून होते. मग कोणीतरी सांगितले की पंच्याण्णव सालचा एक छोटा ट्रक विकायचा आहे आणि त्याला पॉवर स्टेअरिंग आहे. त्यात पंप असतो. पंपातले तेल एका लोखंडी पायपातून जोराने जाते आणि चाके वळवते, माणसाच्या हाताला कष्ट नाहीत. ह्यांनी ती गाडी चालवून बघितली. एका हाताने वळली. घरी आले तेव्हा ह्यांचे डोळे लाल होते. माझे माहेरचे सोने मोडले, पतपेढीचे कर्ज काढले आणि गाडी घेतली. दहा वर्षांची जुनी गाडी, पण आमच्यासाठी ती ह्यांचा डावा हात होती.

मिठाची गाडी रोज धुवावी लागते. मिठागरातून भरलेल्या गोण्या ओल्या असतात. त्यांचे खारे पाणी फळ्यांच्या फटींतून खाली गळते आणि लोखंड खाते. मोठ्या गाड्यांवर त्यासाठी क्लीनर असतो. आम्हाला तो परवडत नव्हता आणि ह्यांना गाडीखाली सरपटता येत नव्हते. म्हणून ते काम मी घेतले. शेवटची फेरी झाली की गाडी आमच्या विहिरीजवळ लागायची. मी जुनी गोणी अंथरून खाली शिरायची, बादली जवळ ओढायची आणि मग्गाने पाणी मारायची. बारा बादल्या लागत. एका मग्गाला आईचे एक नाव, असे मी ठरवले होते.

देवळात मला संकोच वाटे. गाडीखाली मला कोणी बघत नसे. तिथे मी आईशी सगळे बोलायची, ह्यांचा राग, मुलीची फी, माझ्या पायाच्या भेगा. मला वाटायचे, लोक हार-नारळ नेतात, माझी सेवा ही अशी. आणि खरे सांगायचे तर मी मनात एक करारच केला होता. मी तुझे नाव घेऊन गाडी धुते, तू गाडीला आणि ह्यांना सांभाळ. तीन वर्षे एकही दिवस चुकवला नाही. अंगात ताप असतानाही गेले. त्याचा मला आतून गर्व होता, हे आता लिहिताना कळते.

तिसरे वर्ष भरत आले असताना, ऐन हंगामात, एका बुधवारी दुपारी हे पायी घरी आले. शर्टावर लाल तेल उडालेले. म्हणाले, आगरातल्या बांधाच्या वळणावर स्टेअरिंग एकदम दगड झाले. एका हाताने ओढता ओढता पुढचे चाक बांधाखाली उतरले. गोण्या भरणाऱ्या माणसांनी दोर लावून गाडी वर घेतली नसती तर ती गोण्यांसकट खाजणाच्या चिखलात गेली असती. पायपाला भोक पडून सगळे तेल गळून गेले होते.

आगाशी नाक्यावरचा एक गॅरेजवाला आला. त्याने गंजलेला तुकडा कापून त्या जागी रबरी नळी बसवली, दोन बाजूंना पट्ट्या आवळल्या आणि तीनशे रुपये घेतले. इंजिन चालू करून हे स्टेअरिंग फिरवू लागले तोच नळी उडाली. नवीन भरलेले तेल बांधावर सांडले. गॅरेजवाला म्हणाला की इथे तेलाचा दाब फार असतो, कंपनीचाच पाईप पाहिजे. हे आधी माहीत होते तर रबर कशाला लावले, असे ह्यांनी विचारले. तो म्हणाला, "टिकतं कधी कधी." गुरुवारी ह्यांनी माणिकपूरच्या एका दुकानात फोन केला. पंधरा दिवस लागतील, तेही नक्की नाही, असे उत्तर आले.

पंधरा दिवस आमच्याकडे नव्हते. मिठाच्या ठेकेदाराने सांगून ठेवले होते की शनिवारी सकाळी गाडी भरायला लागली नाही तर दुसरी लावतो, आणि एकदा लावली की पावसापर्यंत तीच राहील. पावसाळ्यात आगर बंद. म्हणजे हंगाम गेला की वर्ष गेले, आणि पतपेढीचे दोन हप्ते आधीच थकले होते. तिसरा थकला की गाडी ओढून नेणार होते. गाडी गेल्यावर हे पुन्हा घरात बसणार, पहिल्यासारखे भिंतीकडे तोंड करून. मला त्या दीड वर्षाची भीती होती. पैशाची भीती त्याच्यानंतर.

गुरुवारी संध्याकाळी मी ह्यांना न सांगता उसने पैसे मागायला दिरांच्या घरी गेले. ह्यांचे आणि दिरांचे घराच्या वाटणीवरून बोलणे नव्हते. दीर बाहेर गेले होते. जावेने चहा दिला, पाट दिला, सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, "ताई, गाडी घेतली तेवा पेढे नाय आले आमच्याकडं. आता पाईप फुटला तेवा तुमी आलात." मी कप धुऊन ठेवला आणि आले. ती खोटे बोलली नव्हती. पेढे आम्ही खरेच दिले नव्हते.

घरी आले तर ह्यांनी फुटलेला पाईप गाडीवरून काढून पडवीत आणून टाकला होता. चार हात लांब, तीन-चार ठिकाणी वाकलेला, मध्ये कापलेला आणि त्याच रबरी नळीने पुन्हा एकत्र धरलेला. मी म्हटले, उद्या मी माणिकपूरला घेऊन जाते, एका दुकानात नाही तर दुसऱ्या दुकानात मिळेल. ह्यांनी पायपाला पायाने जरा ढकलले. मग म्हणाले, "जा. तुझ्या आईला पन ने बरोबर. तीन वर्सं गाडीखालीच बसली व्हती ना ती? तिला नाय दिसला पाईप?"

 रात्रभर तेच वाक्य माझ्या डोक्यात फिरत होते. मलाही हेच विचारायचे होते, पण माझी हिंमत झाली नव्हती.

शुक्रवारी पाईप जुन्या लुगड्यात गुंडाळून मी आगाशीला आले आणि तिथून माणिकपूरवरून जाणारी वसईकडची एसटी धरली. पाईप कुठे धरावा ते कळत नव्हते. उभा धरला तर छताला लागे, आडवा धरला तर लोकांच्या गुडघ्यांना. कंडक्टर म्हणाला, "मावशी, ह्याचं अर्धं तिकीट काढू का पूर्ण?" सगळी गाडी हसली. मी खिडकीबाहेर बघत बसले. आयुष्यात मी एकटी कधी माणिकपूरपर्यंत गेले नव्हते.

तिथे गाडीच्या सामानाची तीन दुकाने फिरले. दुकानात सगळे पुरुष. मी कडेला उभी राहायची, मागून आलेले सामान घेऊन जायचे, तरी मला कोणी विचारायचे नाही. पहिल्या दुकानात नाही म्हणाले. दुसऱ्यात म्हणाले गाडी घेऊन या. तिसऱ्या दुकानदाराने लुगडे उघडून पाईप बघितला आणि म्हणाला, "ताई, ही गाडीच आता बनत नाही, पाईप कुठून येणार? भंगारात घाला, किलोवर काहीतरी मिळेल." तो वाईट बोलला नाही. त्याने खरे तेच सांगितले. मी पाईप उचलून बाहेर आले.

दुकानासमोर रिक्षास्टँड होते. त्याच्या बाजूला चर्चच्या भिंतीला लागून कट्टा होता, त्यावर बसले. पाईप मांडीवर. तिथे मी आईशी शेवटचे बोलले. मागणे काही मागितले नाही. मी म्हटले, आजपासून मी गाडीखाली येणार नाही. माझा करार मी पाळला, तुझा तू पाळला नाहीस. तुझेमाझे आता काही राहिले नाही. हे मी रागाने म्हटले आणि मनापासून म्हटले. डोळ्यांत पाणीही आले नाही. आत सगळे कोरडे झाले होते.

असा किती वेळ गेला माहीत नाही. समोरून कोणीतरी म्हणाले, "बाय, ती पाईप फेकायला चाललीस का बनवायला?"

साठीचा माणूस होता. गळ्यात काळ्या दोऱ्यात क्रूस, नखांत काळे तेल, हातात कागदात गुंडाळलेला इंजिनाचा पट्टा. तिसऱ्या दुकानात माझ्या बाजूलाच उभा होता, हे मला नंतर आठवले. आदल्या दिवशी दुकानदाराने त्याला चुकीचा पट्टा दिला होता, तो बदलायला दुसऱ्यांदा आला होता आणि त्यामुळे फार चिडलेला होता. मी काही बोलायच्या आत त्याने पाईप माझ्या मांडीवरून उचलला. उजेडात धरून फिरवला. नखाने गंज खरवडला आणि ते नख जिभेला लावले.

"मीठ," तो म्हणाला.

मी कशीबशी म्हटले की गाडी मिठाचीच आहे.

"गोनीचं मीठ वरून गळतं. ही पाईप वरून चांगली हाय, खालून खाल्लीय. खालून कोन पानी मारतं?"

मी म्हटले, मी मारते.

"कुठलं?"

आमच्या विहिरीचे, मी म्हटले.

त्याने मला नीट बघितले. मग विचारले, "त्या पान्यात डाळ शिजते?"

शिजत नव्हती. आमची विहीर पूर्वी गोडी होती. पण शेजारच्या वाड्यांतून बिल्डिंगांसाठी रात्रंदिवस टँकर भरले जाऊ लागले आणि दोन वर्षांपूर्वी आमचे पाणी मचूळ झाले. डाळ कितीही उकळली तरी दाणा दाणा राही. म्हणून पिण्याला आणि स्वयंपाकाला आम्ही कोपऱ्यावरच्या नळाचे पाणी भरत होतो. विहीर धुण्याभांड्याला ठेवली होती. आमच्याकडे सगळे असेच करतात. धुण्याला काय, कुठलेही पाणी चालते, असे आम्ही म्हणतो. गाडी धुणे हेही धुणेच, असे मी धरून चालले होते. मी मान हलवून नाही म्हटले.

"मंग ज्या पान्यात डाळ शिजत नाय, त्यात लोखंड कसं टिकंल? गोनीनं खाल्लं नसतं तेवढं तू रोज बादल्यांनी पाजलंस."

रिक्षावाले ऐकत होते. एक जण म्हणाला, "मेस्त्री, डाळीवरून पन गाडी तपासता काय आता?" आणि सगळे हसले. तो माणूस हसला नाही. त्याला मस्करी करायची नव्हती, तो नुसता कारण सांगत होता.

मला त्या वेळी काय झाले ते लिहिणे कठीण आहे. थोबाडीत मारल्यासारखे वाटले. एका मग्गाला एक नाव. तीन वर्षे, दिवसाला बारा बादल्या, आणि त्यातली शेवटची दोन वर्षे मी आईचे नाव घेत घेत तो पाईप रोज थोडा थोडा कुजवत होते. नाव खरे होते, भाव खरा होता आणि पाणी खारे होते. आईला मी करार मोडला म्हटले, त्याला अर्धा तासही झाला नव्हता. आता ते शब्द परत कसे घेऊ? मी कट्ट्यावरून उठले आणि पाईप परत मागितला. मला घरी जायचे होते. खरे तर कुठेच जायचे नव्हते.

त्याने पाईप दिला नाही. तो बोटींची इंजिने दुरुस्त करायचा. बोटीच्या पायपा कुठे तयार मिळतात, त्या बनवायच्याच असतात, असे म्हणाला. त्याचे घर आणि कारखाना मागच्याच गल्लीत होते. परक्या पुरुषाबरोबर कशी जाऊ म्हणून मी जागेवर उभी राहिले. त्याच्या ते ध्यानात आले. "घरात बायको हाय माझी. तिच्याकडं बस. माझ्याकडं बघू पन नको," असे म्हणून तो पाईप घेऊन चालू लागला. पाईप त्याच्याकडे होता म्हणून मी मागून गेले. श्रद्धा वगैरे काही नव्हती.

त्यांच्या बायकोने मला चहा आणि पाव दिला. काही विचारले नाही, हे तिचे उपकार. दारातून मला सगळे दिसत होते. मेस्त्रींनी जुना पाईप एका जाड फळीवर ठेवला आणि त्याच्या वळणावळणाने खिळे ठोकले. मग जुना पाईप उचलला तर फळीवर खिळ्यांची वाट तयार झाली. नवीन पोलादी नळी घेतली, तिच्यात सुकी रेती ठासून भरली आणि दोन्ही तोंडांना लाकडाची बुचे मारली. रेती भरली नाही तर वाकवताना नळी चपटी होते, असे त्यांच्या बायकोने मला समजावले. तिला सगळे पाठ होते. मग मेस्त्रींनी गॅसची नळी पेटवायला घेतली. पेटवण्याआधी त्यांनी कपाळ, छाती आणि दोन्ही खांद्यांना हात लावून क्रूस केला आणि ओठांतल्या ओठांत काही म्हटले.

ते बघून मी खाली मान घातली. माझ्या कामासाठी तो परका माणूस त्याच्या देवाला हाक मारत होता आणि मी माझ्या आईशी बोलणे तोडून बसले होते. त्या दिवशी माझ्यासाठी जी एक प्रार्थना झाली, ती माझी नव्हती.

पहिली नळी तिसऱ्या वळणावर चिरली. मेस्त्रींनी शिवी दिली, ती फेकली आणि पुन्हा पहिल्यापासून रेती भरली. दुसरी जमली. जुन्या पायपाची दोन्ही टोके नटांसकट कापून त्यांनी नव्या नळीला पितळेने जोडली, मग हातपंपाने आत तेल दाबून धरले आणि सांध्यांवर बोट फिरवून बघितले. कुठे ओल नव्हती. ऊन कलले होते. शेवटी लाल रंग लावून पाईप सुकत ठेवला आणि म्हणाले, "अठराशे. तेल, बसवनं धरून."

परतीचे तिकीट सोडून माझ्याकडे दोनशे चाळीस रुपये होते. मी ते त्यांच्यापुढे ठेवले आणि बाकी कुठून देणार ते मला सांगता येईना. ते म्हणाले, "फुकट करनार नाय. फुकटाचा माल मानूस जपत नाय. जमंल तसं आनून दे. सकाळी येतो, नवऱ्याला बांधावर उभा ठेव." गाडी कुठे उभी आहे ते विचारून घेतले, माझे नाव मात्र विचारले नाही. पत्र्याच्या दारावर खडूने बोटींची नावे आणि आकडे लिहिलेले होते. त्यांच्याखाली त्यांनी "मिठाची बाय" असे लिहून पुढे बाकीचा आकडा घातला.

घरी मी एवढेच सांगितले की पाईप झाला, माणूस सकाळी येणार आहे. पाण्याचे सांगितले नाही. 

शनिवारी सूर्य वर यायच्या आत मेस्त्री स्कूटरवर आले, पाईप दोरीने आडवा बांधलेला. मी घरून आणलेल्या माझ्याच गोणीवर पाठ टेकून ते गाडीखाली गेले. पाईप बसवला. पाईप गाडीला धरून ठेवणाऱ्या पट्टीखाली जिथे जुना पाईप कुजला होता तिथे रबराचा तुकडा घातला, म्हणजे पाणी साचणार नाही. मग जॅक लावून पुढची चाके उचलली. मला तेल ओतायला सांगितले आणि ह्यांना स्टेअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवायला. तेलात फेस येत होता, आतली हवा निघत होती. मी ओतत होते, हे फिरवत होते. आधी दोन्ही हातांनी, दात आवळून. हळूहळू फेस कमी झाला. मग इंजिन चालू केले. ह्यांनी उजवा हात काढून घेतला आणि डाव्या हाताने, त्या मोडलेल्या खांद्याच्या हाताने, चाक फिरवले. ते फिरले.  हे दोन-तीन वेळा नुसते फिरवत राहिले.

तेव्हाच मेस्त्रींनी हात पुसता पुसता ह्यांना पाण्याचे सांगितले. भरणारी माणसे उभी होती. ह्यांनी माझ्याकडे बघितले आणि हसले. बुधवारपासून पहिल्यांदा हसले, पण ते हसणे मला नको होते. म्हणाले, "रोज बारा बादल्या. नाव घेऊन." माणसेही हसली. पुढे कितीतरी महिने, मी देव्हाऱ्यापुढे बसले की हे म्हणायचे, "बघ, खारं पानी नको घालू, मूर्ती गंजंल." चेष्टाच होती. पण आमच्या घरात चेष्टा कधी संपली हे कोणी सांगत नाही.

हंगामही पूर्ण वाचला नाही. ठेकेदाराने आदल्या रात्रीच दुसऱ्या गाडीला शब्द दिला होता. आमची गाडी वेळेवर लागलेली बघून त्याने फेऱ्या अर्ध्या अर्ध्या केल्या. अर्ध्या फेऱ्यांत हप्ते जेमतेम भरले, गाडी राहिली, हे घरात बसले नाहीत. पण ज्या बायका देवळात अनुभव सांगतात त्यांच्या गोष्टीत देवी अर्धे देत नाही. माझ्या गोष्टीत तिने अर्धे दिले, आणि तेही चार माणसांत माझी चूक दाखवून.

मेस्त्रींनी सांगितले होते की गोडे पाणी मिळेल तेव्हाच मारायचे, एरवी कोरड्या फडक्याने मीठ पुसून जळक्या तेलाचा हात फिरवायचा. मी पुन्हा गाडीखाली जाऊ लागले, कारण काम कोणीतरी करायचेच होते. नाव घेत नव्हते. कुठल्या तोंडाने घेणार? फडके फिरवायचे, तेल लावायचे, बाहेर यायचे. हात काळे व्हायचे. असे दोन महिने गेले. एके दिवशी पाईप पुसताना माझ्या ध्यानात आले की ओठ हलत आहेत. नाव आपोआप येत होते. त्यापुढे मागणे नव्हते, अट नव्हती, मग्गांची मोजदाद नव्हती. मला रडू आले. खूप वेळ मी तशीच खाली पडून राहिले.

तेव्हापासून मला एवढे कळले आहे. मी आईला माझ्या बादल्यांनी बांधून ठेवू पाहत होते. मी सेवा म्हणत होते आणि आत हिशेब ठेवत होते. तिच्या पायाशी पडायचे तर आपली सेवाही चुकीची असू शकते, हे घेऊन पडावे लागते. मदत येते तेव्हा ती गोड बोलेलच असे नाही. माझ्याकडे ती चिडलेली आली, माझ्या पायपाचे मीठ चाटून मला मूर्ख ठरवून गेली, आणि पाईप बनवून गेली. तिला आई म्हणावे की आणखी काही, मी त्यात पडत नाही. मी हात जोडते.

राहिले पैसे. गाडीचे सगळे हप्त्यात जात होते, म्हणून मी आगरात गोण्यांची तोंडे शिवायला जाऊ लागले. पावसाळ्यात चांदीपला माहेरी भाताच्या लावणीला गेले. महिन्याला कधी शंभर, कधी दीडशे घेऊन एकटीच माणिकपूरला जायची. मेस्त्री दारावरचा आकडा पुसून नवीन आकडा लिहायचे. कधी म्हणाले नाहीत की राहू दे. सुरुवातीला मला ते लागायचे. नंतर वाटू लागले, ह्या माणसाने मला गरीब बाई धरले नाही, कामाचे पैसे देणारी धरले. जावेने चहा दिला होता, याने उधारी दिली. दोन्हींतला फरक मला आता कळतो.

दिवाळीनंतर दोन महिन्यांनी शेवटचे एकशे दहा रुपये घेऊन गेले. त्या दिवशी धीर करून विचारले, मेस्त्री, तुम्ही त्या दिवशी माझ्याजवळ का आलात? ते एका इंजिनात हात घालून बसले होते. म्हणाले, "त्या दुकानदारानं पट्टा चुकीचा दिला म्हनून मी तिथं. त्याला विचार." आणि हात बाहेर काढून फडक्याला पुसले. नोटा दोनदा मोजल्या, सुट्टे नाणे उलटून बघितले, आणि बायकोला आतून बोलावून म्हणाले, "ह्या बायचं फिटलं." तिने ओल्या फडक्याने दारावरची माझी ओळ पुसली. मी दोघांना नमस्कार केला आणि बाहेर आले. अठराशे रुपये पूर्ण फिटले.